कॅन्सल : जाळीतून आलेलं क्रियापद

प्रश्न थोडक्यात असा होता : तिकीट कॅन्सल, मीटिंग कॅन्सल, बँकेला द्यायचा कॅन्सल्ड चेक, असा हा शब्द रोज तोंडात येतो. तो मुळात लॅटिन आहे का? कॅन्सर या रोगाशी त्याचं काही नातं आहे का? चान्सलरशी त्याचा संबंध लावतात तो खरा की ओढूनताणून? आणि कॅन्सल्ड लिहिताना एल एक की दोन?

आधी सरळ उत्तरं देतो. शब्द लॅटिनच आहे. रोगाशी नातं नाही, पण तसं वाटायला जागा आहे. चान्सलरशी नातं आहे, मात्र जुन्या कायदेपंडितांनी सांगितलं तसं नाही. एलचं शेवटी बघू.

मी बरीच वर्षं कायदेशीर कागदांची इंग्रजी-मराठी भाषांतरं करतोय : मृत्युपत्रं, खरेदीखतं, मुखत्यारपत्रं, रद्द करारनामे. थोडंफार लॅटिन शिकलो तेही याच कामापायी. कॅन्सल हे क्रियापद वाढलं कागदावरच, त्यामुळे त्याची गोष्ट मला कागदाच्या बाजूनेच सांगता येते.

लॅटिनमध्ये कंकेल्ली म्हणजे जाळी. लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या टाकून केलेला कठडा. (जुन्या लॅटिनमध्ये सी या अक्षराचा उच्चार नेहमी क. स नंतर आला.) न्यायासनासमोर, देवळात, शर्यतीच्या मैदानात, जिथे गर्दी अडवायची पण नजर अडवायची नाही, तिथे रोमन लोक अशी जाळी लावत. ओव्हिड या कवीची एक कविता रथांच्या शर्यतीला शेजारी येऊन बसलेल्या मुलीला उद्देशून आहे. पाय लोंबकळताहेत ना, मग वाटलं तर चवडे पुढच्या जाळीत अडकव, असं तो तिला सुचवतो. ती जाळी म्हणजे हीच कंकेल्ली. सिसेरोने इ.स.पू. 81 मधल्या एका खटल्याच्या भाषणात हाच शब्द मर्यादा या अर्थाने वापरला : मीच माझ्याभोवती घालून घेतलेल्या कठड्याबाहेर मी जाणार नाही, अशा धर्तीवर.

या नामावरून कंकेल्लारे हे क्रियापद झालं. त्याचा पहिला अर्थ ‘जाळीसारखं करणे’ एवढाच. रद्द करण्याचा तिथे मागमूस नाही. थोरला प्लिनी हा रोमन लेखक, जो इ.स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याने हत्तीच्या कातडीचं वर्णन करताना हा शब्द वापरलाय. हत्तीची कातडी जाळीदार, तिच्या वासाने माश्या येतात, शेपटीने त्या हाकलता येत नाहीत. मग हत्ती कातडी ताणून धरतो, माश्यांचा थवा भेगांत बसू देतो आणि एकदम सुरकुत्या आवळून त्यांना चिरडतो. प्लिनीच्या प्राणिकथा किती खऱ्या मानायच्या हा प्रश्न वेगळा, पण जाळी या शब्दाचं इतकं जिवंत उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

हत्तीच्या कातडीवरून हे क्रियापद दस्तऐवजावर कसं आलं? लिहिलेल्या मजकुरावर तिरप्या रेघा मारल्या, मग त्यांना छेद देणाऱ्या उलट्या रेघा मारल्या, की मजकुरावर जाळी पडते. काट मारणे, फुली मारणे, यातलंच हे, फक्त एका रेघेऐवजी अख्ख्या पानभर. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांमध्ये, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांमध्ये, असे कागद आजही बघायला मिळतात. कर्जाचा रोखा, खाली सह्या, आणि सगळ्या मजकुरावर आडव्यातिडव्या फराट्यांचं जाळं. म्हणजे कर्ज फिटलं. तिथले कागद बहुतेक ग्रीकमध्ये आहेत. ग्रीकांनी या कृतीसाठी एक्ससारख्या दिसणाऱ्या आपल्या खी या अक्षरावरून क्रियापद केलं होतं. रोमनांना त्याच रेघांत जाळी दिसली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण या शब्दाचा सगळा जीव तीत आहे. काट मारलेला मजकूर वाचता येतो. लॅटिनमध्ये पुसून टाकण्याला वेगळं क्रियापद होतं, देलेरे. त्यावरून इंग्रजीत डिलीट आलं. मेणाच्या पाटीवरची अक्षरं कोरणीच्या चपट्या टोकाने सारवून टाकण्यालाही वेगळा शब्द होता, इंदुकेरे. मृत्युपत्रं अशाच पाट्यांवर लिहिली जात, म्हणून कायद्यात हा शब्द फार येतो. सारवलं की मजकूर गेला. कंकेल्लारेमध्ये मजकूर जागेवर राहतो, फक्त त्याचा अंमल संपतो. कर्जदाराच्या दृष्टीने हेच बरं. रोखा नाहीसा झाला तर उद्या सावकार म्हणेल, हरवलाय, पण कर्ज आहेच. जाळी मारलेला रोखा हातात असला की तोच फेडीचा पुरावा.

पण पुरावा किती पक्का? रोमन वकिलांनी यावर भरपूर डोकं चालवलंय. उल्पियन हा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा विधिज्ञ. सम्राट जस्टिनियनने 533 मध्ये जारी केलेल्या कायदेसंग्रहात त्याचे उतारे आहेत. एका उताऱ्यात हेच क्रियापद मृत्युपत्राला लावलंय : एकाने आपलं मृत्युपत्र काट मारून रद्द केलं आणि सांगितलं की अमुक एका वारसामुळे मी हे केलं. पुढे त्याच मृत्युपत्रावर शिक्के झाले. आता ते चालणार का, आणि त्या वारसाच्या वाट्याचं काय? उल्पियनचा शिष्य मोडेस्टिनस याने कर्जाच्या बाबतीत नियमच घालून दिला. रोख्यावर काट असेल तर कर्जदार मोकळा झाला असं गृहीत धरायचं. पण सावकाराने स्पष्ट पुराव्यानिशी दाखवलं की एवढी रक्कम अजून येणं आहे, तर तेवढ्यापुरता दावा चालेल. म्हणजे रेघ हा अंदाज झाला, निकाल नव्हे. आजच्या पुरावा कायद्याच्या कुठल्याही वर्गात हे वाक्य जसंच्या तसं खपून जाईल.

त्याच संग्रहात इ.स. 166 मधलं एक प्रकरण आहे. व्हॅलेरियस नेपोस नावाच्या माणसाने आपल्या मृत्युपत्रातली वारसांची नावं खोडली. सरकारी खजिना म्हणाला, वारसच नाहीत, मालमत्ता आमची. मग त्या मृत्युपत्रातून ज्यांना छोट्यामोठ्या देणग्या मिळणार होत्या त्यांचं काय? प्रकरण खुद्द सम्राट मार्कस ऑरेलियससमोर चाललं. त्याने वकिलांना बाहेर काढलं, विचार केला आणि निर्णय दिला की माणुसकीचा अर्थ लावू : नेपोसने जेवढं खोडलं तेवढंच त्याला रद्द करायचं होतं असं धरू. एका गुलामाला मुक्त करा असं मृत्युपत्रात लिहून नंतर त्याचं नाव खोडलेलं, अशा बाबतीतही सम्राटाने तो गुलाम मुक्तच राहील असं कळवलं. या प्रकरणांत क्रियापद इंदुकेरे आहे, कंकेल्लारे नाही, पण पेच तोच. रेघ दिसते, रेघेमागचा हेतू दिसत नाही.

आता कॅन्सरकडे येतो, कारण तिथेच जास्त लोक घसरतात. कंकेल्ली हे लघुत्वदर्शक रूप आहे. मूळ शब्द कंकेर, म्हणजे जाळी किंवा गज. आज ज्याला कंकेल्ली म्हणतात त्याला जुने लोक कंक्री म्हणत, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराच्या संक्षेपात सापडते. हा कंकेर आला कर्केर म्हणजे तुरुंग या शब्दापासून. शब्दात दोन र जवळजवळ आले की जीभ एकाला बाजूला सारते. मराठीत दरिद्रचं दळिद्र झालं, लॅटिन पेरेग्रिनुसचं इंग्रजीत पिल्ग्रिम झालं, तसंच कर्केरचं कंकेर. मूळ कर्केर इंग्रजीत इन्कार्सरेट या क्रियापदात टिकून आहे. म्हणजे तुरुंगात टाकणे आणि तिकीट कॅन्सल करणे ही एका घरातली क्रियापदं. गज दोघांतही आहेत.

गोंधळ होतो तो असा की लॅटिनमध्ये खेकड्यालाही कंकेरच म्हणत. तो शब्द वेगळा. तो ग्रीक कार्किनोस आणि संस्कृत कर्कट यांचा भाऊ, आणि आपली कर्क रास त्याच कुळातली. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून ग्रीक वैद्यांनी रोगाला खेकड्याचं नाव दिलं, लॅटिनने ते उचललं, आणि मराठीत कर्करोग झाला. तेव्हा कॅन्सर आणि कॅन्सल यांचे पूर्वज लिहायला-बोलायला एकसारखे होते, पण घर एक नव्हतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘कॅन्सर म्हणजे जो आयुष्य कॅन्सल करतो’ ही व्युत्पत्ती सोडून द्या.

तरी वैद्यकात आपली जाळी आहेच. हाडाच्या टोकांना आतून जो सच्छिद्र, स्पंजासारखा भाग असतो त्याला कॅन्सलस बोन म्हणतात. अस्थिरोगतज्ज्ञाच्या बिलात कधी ‘कॅन्सलस स्क्रू’ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. स्क्रू रद्द झालेला नाही. मऊ, जाळीदार हाडात घट्ट बसावा म्हणून त्याचे आटे रुंद आणि खोल असतात, एवढंच.

चान्सलरची गोष्ट जास्त रंजक. रोमन न्यायासनापुढच्या जाळीपाशी उभा राहून लोकांना आत-बाहेर सोडणारा शिपाई म्हणजे कंकेल्लारियुस. आपल्याकडच्या कोर्टातला पुकारा करणारा पट्टेवालाच म्हणा. जाळीपाशी बसणाऱ्याच्या हातून अर्ज जातात, अर्ज जातात म्हणून तो लिहिणारा होतो, लिहिणारा म्हणून कारकून, मग चिटणीस. सहाव्या शतकात इटलीत कॅसिओडोरस हा मोठा अधिकारी आपल्या नव्या कंकेल्लारियुसला नेमणुकीच्या पत्रात बजावतो : तुझं पदनाम काय आहे ते बघ. जाळीआड तू जे करशील ते लपणार नाही, तुझी दारं उजेड आत येऊ देणारी आहेत. लाचलुचपतीविरुद्ध इतकी नेटकी तंबी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पुढे युरोपातल्या राजदरबारांत हा चिटणीस राजमुद्रा सांभाळू लागला आणि पदाचं वजन वाढत गेलं. जर्मनीत कान्त्सलर सरकारचा प्रमुख झाला. इंग्लंडमध्ये लॉर्ड चान्सलर झाला. मुंबई विद्यापीठ 1857 च्या कायद्याने स्थापन झालं तेव्हा मुंबई प्रांताच्या गव्हर्नरला चान्सलर केलं गेलं, आणि आजही राज्यपाल कुलपती असतात. कोर्टाच्या जाळीपासून राजभवनापर्यंत, बढती चांगली झाली.

मात्र इंग्रज कायदेपंडितांनी याची उलटी व्युत्पत्ती लावली. सतराव्या शतकात सर एडवर्ड कोक लिहून गेला की चान्सलर हे नाव कॅन्सल करण्यावरून पडलं, कारण राजाने बेकायदा दिलेल्या सनदा रद्द करणं हा त्याचा सर्वांत मोठा अधिकार. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, सॅलिसबरीचा जॉन या लेखकाने तेव्हाचा चान्सलर टॉमस बेकेट याच्याबद्दल लिहिलं होतं की राज्यातले अन्यायी कायदे काट मारून रद्द करणारा तो हाच. वकिलांच्या भाषणात हे शोभतं, पण इतिहास म्हणून चूक. पद आणि क्रियापद सख्खी भावंडं आहेत. दोघांची आई जाळी. एकाचा बाप दुसरा नव्हे.

एकात च आणि दुसऱ्यात क का, असं कुणी विचारेल. इंग्रजीने फ्रेंचमधून शब्द दोन दारांनी घेतले. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये लॅटिन क चा च झाला होता, नॉर्मंडीकडच्या बोलीत क तसाच राहिला. म्हणून कॅटल (गुरं) आणि चॅटल (जंगम मालमत्ता) हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन अवतार इंग्रजीत आहेत. कॅन्सल क घेऊन आला, चान्सलर आणि चर्चमधल्या वेदीपुढच्या जागेचं चान्सल हे नाव च घेऊन. त्या जागेपुढेही पूर्वी जाळी असायची. इटालियनमध्ये कांचेल्लो म्हणजे आजही साधं फाटक, आणि कांचेल्लारे म्हणजे खोडणे, पुसणे. तिथे फळा पुसायलाही हेच क्रियापद चालतं, म्हणजे जाळीची आठवण पार गेलेली.

इंग्रजीत कॅन्सल आलं चौदाव्या शतकाच्या अखेरीस, तेही कागदावर काट मारणे याच अर्थाने. करार, हुकूम, बेत रद्द करणे हा सैल अर्थ त्यानंतर पसरत गेला. शेक्सपिअरच्या मॅकबेथच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा अजून पूर्ण दस्तऐवजी आहे. तो रात्रीला विनवतो की मला भेदरवून ठेवणारा तो मोठा रोखा कॅन्सल कर आणि फाडून टाक. आधी काट, मग फाडणं. सावकाराकडे कर्ज फिटल्यावर जे होई तेच, त्याच क्रमाने.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा, जो प्रश्नात नाही पण सांगतोच. मृत्युपत्राच्या मसुद्यात ‘कॅन्सल’ दिसलं की मी थांबतो. इंग्लंडच्या 1677 च्या एका कायद्यात मृत्युपत्र रद्द करण्याच्या रीतींमध्ये जाळणे, फाडणे यांच्याबरोबर कॅन्सल करणे हा शब्द स्पष्ट होता, काट मारण्याच्या जुन्या अर्थाने. 1837 च्या विल्स अॅक्टने तो काढला. उरलं ते जाळणे, फाडणे किंवा अन्य रीतीने नष्ट करणे. याचा परिणाम 1877 च्या एका गाजलेल्या निकालात दिसतो. एका गृहस्थाने आपल्या मृत्युपत्रातल्या ओळींवर पेनने रेघा मारल्या, मागे लिहिलं की हे सगळं रद्द, आणि कागद रद्दीच्या ढिगावर फेकला. घरातल्या मोलकरणीने तो उचलून ठेवला, आणि मालक वारेपर्यंत काही वर्षं तो स्वयंपाकघरात पडून होता. कोर्ट म्हणालं, मृत्युपत्र कायम. हेतूशिवाय कितीही नाश केला तरी ते रद्द होत नाही, आणि नाशाशिवाय कितीही हेतू असला तरी होत नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 70 ने हीच भाषा घेतली, आणि ते हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही लागू आहे. तेव्हा घरी बसून जुन्या मृत्युपत्रावर फुली मारली आणि वर ‘कॅन्सल्ड’ लिहिलं की काम झालं, असं समजू नका. नवं मृत्युपत्र करून त्यात जुनं रद्द केल्याचं लिहा, किंवा रीतसर साक्षीदारांसमोर रद्द करण्याचा लेख करा, किंवा जुनं स्वतः फाडून जाळून मोकळे व्हा. रोमन माणसाचं कंकेल्लारे इथे पुरत नाही.

हुंडी आणि वचनचिठ्ठीच्या जगात मात्र ते पुरतं. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट), 1881 चं कलम 82 सांगतं की धारकाने, मोकळं करण्याच्या हेतूने, स्वीकारणाऱ्याचं किंवा पृष्ठांकन करणाऱ्याचं (मागे सही करून ती दुसऱ्याच्या नावे करणाऱ्याचं) नाव कॅन्सल केलं तर तो माणूस मोकळा. मोडेस्टिनस हे वाचून मान डोलावेल. आणि बँकेत केवायसीसाठी किंवा पगार खात्यासाठी चेकवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा मारून मधे ‘कॅन्सल्ड’ लिहून देतो, तेव्हा आपण जवळपास तेच करतो जे पपायरसवर चालायचं. चेक वापरायचा नाहीये, पण खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड वाचता आले पाहिजेत. त्यावर सही करू नका, गरज नसते. (डाव्या कोपऱ्यात दोन छोट्या समांतर रेघा मारणं म्हणजे क्रॉस्ड चेक. तो चालू चेक असतो. काउंटरवर हे दोन्ही एक समजून बोलणारे रोज भेटतात.)

पोस्टाच्या तिकिटांना मात्र ‘वाचता येईल पण वापरता येणार नाही’ हे जमवायला वेळ लागला. 1840 मध्ये ब्रिटनने पेनी ब्लॅक काढलं आणि ते कॅन्सल करायला माल्टीज क्रॉसच्या आकाराचा लाल शिक्का दिला. काळ्या तिकिटावरची लाल शाई लोक सफाईने उतरवायचे आणि तिकीट पुन्हा लावायचे. शेवटी 1841 मध्ये तिकीटच लाल केलं आणि शिक्का काळा. आपल्या सातबाऱ्याचंही असंच आहे. मयत खातेदाराचं नाव पूर्वी कंसात टाकायचे, नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ असते. नाव दिसतंच, हक्क तेवढा गेलेला.

आता एल. मूळ लॅटिनमध्ये दोन आहेत. फ्रेंचमधून येताना क्रियापदाच्या शेवटी एकच उरला, म्हणून कॅन्सल एका एलचं. पुढे प्रत्यय लागला की ब्रिटिश रीत एल दुप्पट करते, अमेरिकन रीत करत नाही, कारण तिथे शब्दाच्या शेवटच्या सिलॅबलवर जोर नसेल तर अक्षर सहसा दुप्पट करत नाहीत. आपल्याकडे कोर्ट, बँक, रेल्वे सगळीकडे ब्रिटिश रीत, म्हणून कॅन्सल्ड आणि कॅन्सलिंग यांत दोन एल लिहा. अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलाने एक लिहिला तर त्याला चूक म्हणू नका. कॅन्सलेशन मात्र थेट लॅटिन नामाच्या वळणावर घडलेला शब्द असल्याने दोन्ही देशांत सहसा दोन एलनेच लिहितात. दस्तात एका एलचं कॅन्सलेशन दिसलं तर ती टायपिस्टची चूक धरून दुरुस्त करून घ्या.